तुर्भ्याच्या वखारीतली फिरती सॉ मिल: हायड्रॉलिक दुरुस्तीच्या नोंदी (जून-जुलै २०२४)

२६ जून, बुधवार

रबाळ्याच्या गाळ्यातून निघून साडेदहाला वखारीत पोचलो. मशीन चाकांवरची आहे, गाडीमागे जोडून ओढून नेता येते. करवतीचं डोकं डिझेल इंजिनावर चालतं. ओंडका उचलणारे हात, तो फिरवणारी चेन, दाबून धरणारा क्लॅम्प आणि ओंडक्याची टोकं वर-खाली करणारे दोन रोलर, हे सगळं हायड्रॉलिकवर. मूळची १२ व्होल्टची मोटर जळाल्यावर मालकांनी बाहेरून पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी एकत्र) बनवून घेतला. ५ एचपीची थ्री-फेज मोटर, १४४० आरपीएम, ८ सीसीचा गिअर पंप, ४० लिटरची टाकी, पाच लिव्हरचा सेक्शनल व्हॉल्व्ह (प्रत्येक लिव्हरला वेगळा सेक्शन). हिशेबाने मिनिटाला साडेअकरा लिटर तेल मिळायला हवं.

मालकांनी तक्रारी सांगितल्या त्या अशा क्रमाने: मधूनच प्रेशर शून्य होतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप येतं. दुपारनंतर ओंडका उचलायला फार वेळ लागतो. पंप ओरडतो. मोटरचा स्टार्टर ट्रिप होतो. आणि अगदी शेवटी, मी निघताना, "तो क्लॅम्प पण जरा ढिला पडतो."

करवतीवर जे मामा आहेत ते बावीस वर्षं हेच काम करतात. त्यांना बाजूला घेऊन विचारलं. गेल्या आठवड्यात आंब्याचा ओंडका कापताना मध्येच फिरला. करवतीचा पट्टा अडकला, चाकावरून उतरला. फळी घ्यायला उभा असलेला मुलगा हातभर अंतरावर होता. मामा म्हणाले, "दादा, क्लॅम्प जागेवरच दिसत होता हो. मी डोळ्यांनी बघितला."

मालकांची शेवटची तक्रार माझ्या वहीत पहिली लिहिली. क्लॅम्पचं काम होईपर्यंत मोठा ओंडका चढवायचा नाही, लहान ओंडके साखळी आणि टर्नबकलने आवळून कापायचे, असं ठरलं. मालक नाराज झाले. पावसात पडलेली झाडं याच दिवसांत येतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ऐकलं त्यांनी.

आधीच्या दुरुस्त्या विचारून घेतल्या: क्लॅम्पच्या सिलिंडरची सील किट दोनदा बदलली, पंपाचं ऑइल सील एकदा बदललं आणि रिलीफ व्हॉल्व्हचा (प्रेशर हद्दीपलीकडे गेलं की तेल टाकीत सोडणारा) स्क्रू "थोडा टाइट" केला. यातल्या एकाही कामाच्या वेळी प्रेशर मोजणारा गेज लावला नव्हता.

मामांना शंभर पानी वही दिली. प्रेशर जाईल तेव्हाची वेळ आणि परत येईल तेव्हाची वेळ, एवढंच लिहायचं.

२८ जून, शुक्रवार

आज टाकी उघडली. तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं. ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या भोकाची, टोपी कधीच हरवलेली, तिथे फडक्याचा बोळा कोंबलेला. पॅक शेडच्या कडेला आहे, पन्हळीचं पाणी तिरकं आलं की थेट त्या बोळ्यावर. लोखंडी पत्र्याचा तुकडा स्टोव्हवर तापवून त्यावर तेलाचा एक थेंब सोडला. फोडणीत मोहरी तडतडते तसा तडतडला. स्वच्छ तेल नुसतं पसरतं आणि धुरावतं. मामांना दोन्ही थेंब शेजारी-शेजारी दाखवले, पुढच्या वेळी मला बोलवायची गरज पडू नये म्हणून.

खालचा प्लग काढला तेव्हा आधी पाणी आलं, दीड-दोन लिटर तरी असेल, मग तेल. सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंपाकडे जाणारं तेल गाळणारी जाळी, बाहेर काढला तर जाळी दिसेचना. लाकडाचा भुसा, आणि त्याला धरून ठेवणारे कॉटन वेस्टचे धागे. कुणीतरी टाकी वेस्टने पुसली होती. टाकी कधीच वेस्टने पुसू नये, धागे आतच राहतात. आम्ही कणकेचा गोळा वापरतो. घट्ट मळलेली कणीक तळाशी, कोपऱ्यांत, वेल्डिंगच्या कडेने दाबत न्यायची, बारीक कण तिला चिकटून येतात. तीन गोळे काळे झाले, चौथा पांढरा निघाला तेव्हा थांबलो.

नवा स्ट्रेनर, नवा रिटर्न फिल्टर, टोपीसकट नवा ब्रीदर. ६८ नंबरचं तेल, तेही बॅरलमधून थेट न ओतता फिल्टर ट्रॉलीतून.

साफ करण्याआधी आणि नंतर सक्शनला व्हॅक्यूम गेज लावला होता, पंपाला तेल ओढायला किती ताण पडतो ते बघायला. आधी ११ इंच, नंतर ३. गिअर पंपाला ५ इंचांच्या आत ठेवावं असं मी धरतो. पंपाचं ओरडणं थांबलं. आत खडी भरडल्यासारखा तो आवाज तेल न मिळाल्याचा होता.

मालक खूश झाले, "झालं ना मग?" म्हणाले. नाही झालं. व्हॅक्यूम ११ इंच असताना प्रेशर कमी-जास्त होईल, पंप कुरकुरेल, पण साफ शून्य होऊन अर्ध्या तासाने पूर्ण परत का येईल?

१ जुलै, सोमवार

मामांच्या वहीत २९ तारखेची नोंद: दुपारी १२.१० ला प्रेशर गेलं, १२.५५ ला आलं. म्हणजे तेल बदलल्यानंतरही. शंका खरी ठरली.

आज पंप मोजला. रिटर्नचा होज टाकीऐवजी मापाच्या बादलीत घट्ट बांधून सोडला आणि हातात घड्याळ घेतलं. लोड नसताना मिनिटाला १०.९ लिटर, हे ठीक. मग रोलरचा सिलिंडर टोकाला नेऊन लिव्हर धरून ठेवला, म्हणजे सगळं तेल रिलीफवरून जातं. इथेच गेजचा काटा १९० बारला गेला! "थोडा टाइट" केलेला स्क्रू तो हाच. १९० बारला या पंपाला सव्वाचार किलोवॅटच्या वर ताकद लागते, आणि ५ एचपी म्हणजे ३.७. स्टार्टर ट्रिप होणारच. स्क्रू सोडून १४० ला आणला, चेक नट आवळला, वर रंगाची खूण केली.

१४० बारला, तेल थंड असताना, ९.१ लिटर. दीड तास चालवून तेल साठ अंशांवर गेल्यावर ६.२. दुपारनंतर मशीन मंदावते ती यामुळे. पंप आतून झिजलाय. तेल गरम होऊन पातळ झालं की दातांच्या बाजूने मागे सरकतं. ओंडका उचलणारे दोन सिलिंडर ६३ मिमी बोअरचे (आतला व्यास), अर्धा मीटर स्ट्रोकचे. दोन्ही भरायला तीन लिटरहून थोडं जास्त तेल लागतं. सकाळी वीस सेकंद, दुपारी तीस.

नवीन पंप सांगितला. पण आला तरी लगेच बसवणार नाही. हा का झिजला ते कळल्याशिवाय नवा आत घातला तर सहा महिन्यांनी मी पुन्हा इथेच बादली धरून उभा असेन. पाणी आणि कचरा ही कारणं आहेतच, पण ते शून्य प्रेशर अजून मनात बसत नाही.

५ जुलै, शुक्रवार

आजचा दिवस क्लॅम्पसाठी ठेवला होता.

सिलिंडर ४० मिमी बोअरचा. लाकडाऐवजी जाड लोखंडी बीम लावला, कारण लाकडाची साल दबते आणि मोजमाप फसतं. सिलिंडरच्या बोअर बाजूला (जिथे रॉड नसतो), अगदी पोर्टजवळ, टी लावून गेज बसवला. क्लॅम्प १४० पर्यंत दाबला, लिव्हर सोडला.

काटा खाली यायला लागला. १२०. ९०. दीड मिनिटात ४०. आणि क्लॅम्प? जिथे होता तिथेच. रॉडवर पेन्सिलीची खूण केली होती, तिच्यात डोळ्याला दिसेल असा फरक नाही.

मामांना बोलावून परत करून दाखवलं. ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. "म्हणजे तो धरल्यासारखा दिसतो, पण धरलेला नसतो," ते म्हणाले. अगदी हेच. तेल फार थोडं दबतं. १४० बारला त्याचं आकारमान जेमतेम एक टक्का कमी होतं. या सिलिंडरमध्ये क्लॅम्प अडीचशे मिमी बाहेर असताना साधारण तीनशे मिली तेल असतं. त्याचा एक टक्का म्हणजे तीन मिली, वर होज फुगतो त्याचे थोडे. चहाचा एखादा चमचा तेल निसटलं की पावणेदोन टनांची पकड संपली, आणि रॉड हललेला कुणालाही दिसणार नाही. त्या दिवशी मामांच्या डोळ्यांची चूक नव्हती.

आता निसटतं कुठून? रॉड बाजूचा होज काढला, पोर्ट उघडा ठेवला, बोअर बाजूला पुन्हा १४० दिलं आणि पाच मिनिटं वाट बघितली. उघड्या पोर्टमधून दोन थेंब. पिस्टनचं सील उत्तम आहे. दोनदा बदललेली सील किट उगाच बदलली गेली होती.

मग बोअरच्या लाईनवर, व्हॉल्व्हच्या अलीकडे, बॉल व्हॉल्व्ह टाकून बंद केला. १४० वरून दहा मिनिटांनी १३४. उघडला की काटा परत घसरला. गळती व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये, म्हणजे लिव्हरबरोबर आत सरकणाऱ्या दांड्यापाशी आहे. स्पूल आणि त्याचं भोक यांच्यात सील नसतं, बारीक फट असते, थोडं तेल तिथून जातंच. नवीन असताना कमी, घाणेरड्या तेलात दोन-तीन वर्षं घासल्यावर जास्त. नवीन व्हॉल्व्ह बसवला तरी काही काळाने तेच होणार. पकड स्पूलच्या भरवशावर ठेवणंच चूक. इथे सिलिंडरच्या पोर्टवर पायलट चेक व्हॉल्व्ह हवा, म्हणजे दुसऱ्या लाईनमधून (पायलट) प्रेशर मिळाल्याशिवाय तेल परत न सोडणारा.

८ जुलै, सोमवार

घरीच. पहाटे एक ते सात या वेळात मुंबईत काही ठिकाणी ३०० मिमीच्या वर पाऊस झाला, लोकल कोलमडल्या. आज नागदेवीच्या बाजारात जाऊन सामान आणायचं होतं, ते राहिलं.

मामांना फोन केला, वहीचे फोटो मागवले. २७ जून ते ६ जुलै, सहा नोंदी. वेळा बघत बसलो. सकाळी ९.४०, दुपारी १२.१०, दुपारी ४.३०. तापमानाचा संबंध नाही. ओंडक्याच्या वजनाचा नाही. पावसाचा? दोन वेळा पाऊस होता, बाकी नाही.

मग सहज विचारलं, "मामा, आता काय चाललंय तिकडे?" "काही नाही दादा, लाईट गेलीय, जनरेटरवर पंखा लावून बसलोय."

फोन कानाला तसाच होता आणि अंगावर काटा आला.

वखारीच्या ऑफिसात जनरेटरच्या डिझेलचं रजिस्टर असतं. किती वाजता सुरू, किती वाजता बंद. कारकून ताईंना फोटो पाठवायला सांगितला. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. सहाच्या सहा नोंदी जनरेटर चालू असण्याच्या वेळेत. प्रेशर गेल्याची वेळ जनरेटर सुरू झाल्यानंतर दोन-चार मिनिटांनी, परत आल्याची वेळ जनरेटर बंद झाल्यानंतर दोन-चार मिनिटांनी. अपवाद एकही नाही.

जनरेटरचा फेजचा क्रम उलटा आहे. त्याच्यावर मोटर उलटी फिरते, तिच्याबरोबर पंप उलटा फिरतो. पुढे चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने सोडणारा) असल्याने तिकडून तेल खेचता येत नाही, आणि टाकीकडून घ्यायचं त्याऐवजी टाकीकडेच ढकलू पाहतो. म्हणजे अर्धा-पाऊण तास कोरडा. करवतीचं इंजिन डिझेलचं, त्यामुळे तिथे काही कळायचं कारण नाही. बाकी जनरेटरवर फक्त दिवे आणि पंखे, त्यांना फेजच्या क्रमाने काही फरक पडत नाही. सगळ्या वखारीत उलटं फिरणारं एकच यंत्र होतं, आणि त्याच्या पंख्यावर जाळीचं झाकण, त्यामुळे दिशा कुणाच्या लक्षात आली नाही.

मामांना लगेच सांगितलं, जनरेटरवर पॉवर पॅकचं बटण दाबायचं नाही.

९ जुलै, मंगळवार

वायरमनला सोबत नेलं. कपलिंग सोडवून मोटर मोकळी केली आणि जनरेटरवर एक झटका दिला. पंपावरच्या बाणाच्या उलट फिरली. मालक शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मार्चमध्ये जनरेटर दुरुस्त करून आणला होता." तेव्हाच केबल जोडताना दोन वायरी अदलाबदल झाल्या असणार. तक्रारीही साधारण एप्रिलपासूनच्या.

जनरेटरच्या टर्मिनलवर दोन फेज बदलले. पण तेवढ्यावर सोडलं नाही. पुढच्या दुरुस्तीत कुणी परत उलटे जोडेल. स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये फेज सिक्वेन्स रिले बसवला. क्रम चुकला किंवा एक फेज गेला तर मोटर सुरूच होणार नाही.

जुना पंप उघडला. बुशच्या तोंडावर धातू पसरल्यासारखा ओढला गेलेला, गिअरच्या बाजूंवर निळसर झाक. कचऱ्याने बारीक ओरखडे पडतात, तेही होते. पण निळी झाक तापल्याची, तेलाशिवाय फिरल्याची. टाकी तर कधी रिकामी झाली नव्हती. आता जुळलं.

११ जुलै, गुरुवार

ठाण्याहून लोकलने मस्जिद स्टेशन, तिथून चालत नागदेवी. पायलट चेक व्हॉल्व्ह दुसऱ्या दुकानात मिळाला. स्पूलचा सेक्शन मिळवायला दुपार झाली.

हा तपशील लिहून ठेवतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. क्लॅम्पच्या सध्याच्या सेक्शनमध्ये लिव्हर मधे असताना सिलिंडरकडचे दोन्ही पोर्ट बंद असतात. त्याच्यापुढे पायलट चेक लावला तर पायलटच्या लाईनमध्ये प्रेशर अडकून राहू शकतं आणि चेक नीट बसत नाही, किंचित उघडाच राहतो. माणूस म्हणतो, चेक व्हॉल्व्ह लावूनही गळतंय. लिव्हर मधे आला की दोन्ही पोर्ट टाकीला मोकळे होतील असा स्पूल हवा, दुकानदार त्याला मोटर स्पूल म्हणतात. त्याशिवाय चेक लावणं वाया.

१३ जुलै, शनिवार

जोडणी. नवा पंप, कपलिंगचा नवा स्पायडर. पंपात हाताने तेल भरून, मोटर झटक्याझटक्याने फिरवून मग चालू केला. व्हॉल्व्हचा सेक्शन बदलताना टाय रॉड तिरके किंवा जास्त आवळले की स्पूल आत अडकतो, म्हणून टॉर्क पान्याने, आडवेतिडवे, थोडे थोडे. पायलट चेक सिलिंडरवरच, मधे होज न ठेवता, लोखंडी निपलने. म्हणजे होज फुटला तरी पकड सुटणार नाही.

टेस्ट चालू असताना उचलणाऱ्या हाताच्या होजवर ओल दिसली. मामांनी सवयीने हात पुढे केला. मी त्यांचा मनगट धरून मागे ओढला, थोडा जोरातच. मग बसून सांगितलं. वागळे इस्टेटमध्ये मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या एका सीनियर फिटरने असाच होज चाचपला. बोटाला सुई टोचल्याएवढा ठिपका, रक्तसुद्धा नाही. दुखत नव्हतं म्हणून ते काम करत राहिले, संध्याकाळी घरी गेले. रात्री हात खांद्यापर्यंत सुजला. तेल कातडीखाली, बोटाच्या आवरणातून तळहातात शिरलं होतं. ऑपरेशन झालं, पण बोट वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, लगेच आला असतात तर. अशा वेळी दुखण्याची वाट बघायची नसते, तासाभरात हॉस्पिटलला पोचायचं आणि "प्रेशरचं तेल आत गेलंय" हे शब्द सांगायचे.

पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधून होजवरून फिरवला. एका जागी पुठ्ठ्यावर रेष उमटली. मशीन बंद, मशीनचे उचलणारे हात खाली टेकवलेले, लिव्हर हलवून प्रेशर मोकळं केलं, मगच होज काढला. तो पुठ्ठा मामांनी शेडच्या खांबाला लटकवून ठेवलाय.

नव्या पंपाचे आकडे, मिनिटाला लिटर: लोड नसताना ११.३, १४० बारला थंड तेलावर १०.८, गरम तेलावर १०.१.

क्लॅम्पचा गेज काढला नाही. पाइप वाढवून मामा उभे राहतात तिथे, डोळ्यांच्या उंचीवर बसवला.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. वखार बंद, पण मामा मशीन पुसायला आले होते म्हणून मीही तासभर गेलो. जनरेटरवर चालवून बघितलं, प्रेशर १४०. मग मुद्दाम एक फेज काढला. रिलेने मोटर सुरू होऊ दिली नाही. मामांनी डब्यातली साबुदाण्याची खिचडी दिली.

२० जुलै, शनिवार

पहिला मोठा ओंडका. वर्षावृक्षाचा, ९० सेंटिमीटर जाड, ८ फूट लांब, ओला, अंदाजे सव्वा टन. उचलायला सतरा सेकंद, दुपारी अठरा.

लोखंडी बीमवर क्लॅम्प: १४० वरून दहा मिनिटांनी १३६, अर्ध्या तासाने १३५. त्याच वर्षावृक्षावर: पहिल्या कापानंतर १०५. ही गळती नाही, साल दबली. मामा पूर्वीपासून पहिल्या कापानंतर क्लॅम्प पुन्हा दाबायचे, आणि त्यांची ही सवय बरोबर होती. पुन्हा दाबल्यावर पुढच्या चार कापांत १३० च्या खाली गेला नाही. १०० च्या खाली काटा दिसला तर करवत पुढे न्यायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. गेजच्या काचेवर लाल नेलपॉलिशने १०० ला रेष मारली, कारकून ताईंनी बाटली दिली.

तेल स्वच्छ, पत्र्यावर तडतड नाही. रिटर्न फिल्टर पन्नास तासांनी एकदा बदलायचा.

एक राहिलंय. ओंडका उचलणारे हात अजूनही नुसत्या स्पूलवर तोलले जातात. मालकांना लेखी दिलंय, त्या दोन सिलिंडरना काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (भार आपोआप खाली येऊ न देणारे) हवेत. ते येईपर्यंत वर उचललेल्या हातांखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणी वाकायचं नाही. दोन टेकू गाळ्यातून बनवून आणले, पिवळा रंग दिलाय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जाणार, व्हॉल्व्ह घेऊन.